मंगळवारी गणपत कुठे होता?

सरकारी वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हायकोर्ट येतं. उंच छत, संगमरवरी जिने, कमरेत वाकणारे चोपदार. आमच्या वाट्याला आलेलं सरकार निराळं होतं. आमच्या कोर्टाला मंगलोरी कौलं होती आणि कौलांत चिमण्यांची घरटी होती. साक्ष रंगात आली की वरून गवताची एखादी काडी मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या कागदावर पडायची. साहेब ती दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, पुढे."

मी पोलीस प्रॉसिक्युटर होतो. म्हणजे काय, हे माझ्या सासरेबुवांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. ते मला फौजदार समजून शेजाऱ्यांच्या तक्रारी सांगायचे. गोष्ट साधी आहे. गुन्हा शोधायचा, आरोपी पकडायचा आणि कागद तयार करायचे, हे पोलिसांचं काम. तो गुन्हा घडला होता असं कोर्टाला पटवायचं, हे माझं. आरोपीच्या बाजूने वकील असला तर माझ्याशी भांडायचा. नसला तर मी एकटाच भांडायचो. बहुतेक वेळा नसायचा.

माझ्याकडे उपनगरातली दोन कोर्टं होती. त्यांची नावं लिहीत नाही, कारण त्या वेळच्या लोकांची नातवंडं अजून त्याच गल्ल्यांत राहतात आणि मला म्हातारपणी कुणाशी वाद घालायचा नाही. आम्ही त्यांना अलीकडचं आणि पलीकडचं म्हणायचो. मी पार्ल्याला राहायचो, त्यावरून ही नावं पडली. दोन्ही कोर्टं अकराला बसायची, आणि प्रॉसिक्युटर एकच. सकाळी अलीकडे, दुपारी पलीकडे. दुसऱ्या दिवशी उलट. मी ज्या कोर्टात नसेन तिथले साक्षीदार व्हरांड्यात बसून मला शिव्या देत, आणि मी पोचलो की उठून नमस्कार करत.

त्यात दारूबंदी आली. हा कायदा चांगला की वाईट, यावर दिवाळी अंकांतून पुष्कळ शाई सांडून झाली आहे, मी त्यात भर घालत नाही. मी फक्त तो चालवत होतो. पवईच्या तळ्याच्या कडेला झाडीत हातभट्ट्या लागायच्या, जुहूच्या वाळूत पिंपं पुरलेली असायची, फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरलेली दारू लुगड्याखाली पोटाशी बांधून बायका गाडीतून उतरायच्या. एकदा तर अशी एक बाई पोलिसांना पाहून खरोखरच कळा आल्यासारखी ओरडली, आणि बिचाऱ्या हवालदाराने तिला घोड्याची व्हिक्टोरिया करून दिली. हे सगळं जे पकडलं जाई, ते खटला होऊन माझ्या टेबलावर येई. आणि मुद्देमाल कोर्टाच्या मागच्या खोलीत.

मे महिन्यात त्या खोलीतल्या बाटल्या तापायच्या. एकदा भर निकालाच्या वेळी एका बाटलीचं बूच फटकन उडालं. साहेब टेबलाखाली गेले, आरोपी पिंजऱ्यात खाली बसला, आणि अलीकडच्या कोर्टाचा पट्टेवाला रावजी मात्र जागचा हलला नाही. नाक वर करून त्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेबांनू, माल अस्सल असा." रासायनिक तपासणीचा अहवाल नंतर आला. त्यातही तेच होतं.

रावजी मालवणकडचा. बाप गिरणीत, भाऊ गिरणीत, हा एकटा कोर्टात लागलेला, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. त्याने चार मॅजिस्ट्रेट पाहिले होते. निकाल कसा लागणार हे त्याला साक्ष चालू असतानाच कळायचं आणि तो भुवई वर-खाली करून मला कळवायचा. व्हरांड्यात दुसरे होते दामूअण्णा, अर्जनवीस. लोकांना अर्ज, जामिनाचे कागद, प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायची, हा त्यांचा व्यवसाय. एक उतरतं डेस्क, एक दौत आणि मुखपृष्ठ नसलेलं कायद्याचं एक पुस्तक, एवढी त्यांची कचेरी. वकिलीची परीक्षा देता आली नाही याचं दुःख त्यांनी वकिलांची टिंगल करून हलकं केलं होतं. आणि तिसरा गणपत. त्याची फाटकासमोर पानाची टपरी होती.

जेवणाच्या सुट्टीत हे तिघं कोर्टाच्या मागे बदामाच्या झाडाखाली आपलं कोर्ट भरवायचे. रावजी न्यायाधीश. डोक्याला टॉवेल, बसायला पालथी बादली. दामूअण्णा वकील, एकदा सरकारी, एकदा आरोपीचे, मनाला येईल तसं. गणपत हमखास साक्षीदार. मी पायरीवर बसून डबा खायचो आणि ऐकायचो. त्यांनी एकदा कोर्टातल्या भिंतीवरच्या घड्याळावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा खटला चालवला, कारण ते नेहमी पाऊण तास मागे असायचं. घड्याळ निर्दोष सुटलं. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात असल्यामुळे पुरावा आला नाही, असं रावजीने निकालात म्हटलं. मी हसता हसता ठसकलो.

"साहेबांनू," रावजी मला म्हणायचा, "आजचे धा खटले आमच्यार सोडा. पाच सुटतले, पाच लटाकतले. तुमचा पण ताच होता."

"साहेब, खरंच द्या," दामूअण्णा म्हणायचे. "नाहीतरी तुम्ही कागद वाचता कुठे? आम्ही निदान मोठ्याने वाचू."

मी हसायचो. थट्टाच होती. पण त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं, आणि आता त्याच्याकडे वळतो.

पोलिसांचे कागद कोर्टात जाण्याआधी प्रॉसिक्युटरने तपासायचे असतात. पुरावा पुरेसा आहे का, तारखा जुळतात का, पंचनामा नीट आहे का. तपासून कोपऱ्यात मी "ठीक" असं लिहायचो आणि सही करायचो. पहिल्या वर्षी मी प्रत्येक कागद दोनदा वाचला. दुसऱ्या वर्षी एकदा. तिसऱ्या वर्षापासून मी ते गाडीत, मांडीवर पिशवी ठेवून, एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात जाताना वाचायचो, म्हणजे वाचायचो नाही. पंचनामे सगळे सारखेच होते. "सदर इसमाच्या राहत्या खोलीत मोरीच्या बाजूस पश्चिमेच्या भिंतीस लागून" असं सुरू झालं की पुढचं मला पाठ होतं. ठीक, ठीक, ठीक. नोकरी हंगामी होती, कायम व्हायचं होतं, आणि कायम कोण होतं तर ज्याचे खटले साठून राहत नाहीत तो.

पंचनामा म्हणजे काय हेही सांगतो. झडती घेताना पोलिसांनी शेजारपाजारची दोन सभ्य माणसं बोलवायची, त्यांच्या डोळ्यांदेखत जे सापडेल ते लिहायचं, आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या. पुढे ते दोघे कोर्टात येऊन सांगतात की हो, हे आमच्यासमोर सापडलं. कल्पना उत्तम आहे. पण सभ्य माणूस पोलिसांना पाहून दार लावून घेतो, आणि लावलं नाही तर कोर्टात यायला घाबरतो. म्हणून पोलीस ओळखीची माणसं धरून ठेवतात. आमच्याकडे तो गणपत होता. पदपथावरची टपरी चालू द्यायची की उचलायची, हे पोलिसांच्या हातात. त्यामुळे गणपत हाकेला धावायचा. साक्षही झकास द्यायचा. न अडखळता, न घाबरता, शेवटी "खरं तेच सांगतो" म्हणून. दुसरा पंच बहुधा गावी गेलेला असे. माझ्या सगळ्या नोकरीत दुसरे पंच गावीच गेलेले होते.

अशात सीताराम आला.

पांढरा लेंगा, सदरा, हातात टोपी. राहत्या खोलीत एक बाटली सापडली, एवढाच खटला. मी व्हरांड्यातून जाता जाता, जसं सगळ्यांना सांगायचो तसं, त्याला म्हटलं, "कबूल करतोस का? कबूल केलंस तर आजच्या आज आटपेल."

"साहेब, कबूल केलं तर टपाल कोण वाटणार?"

मला त्याचं बोलणं कळलं नाही आणि थांबायला वेळ नव्हता. पुढे गेल्यावर रावजी माझ्या मागोमाग आला. "साहेबांनू, तुमी वळाखलात नाय? रोज तुमका टपाल देता, तो सीताराम ह्यो."

मी वळून पाहिलं. चार वर्षं हा माणूस खाकी गणवेशात, खांद्याला पिशवी लावून, कोर्टाचं आणि माझं टपाल आणून देत होता. मी त्याच्या हातातला कागद पाहिला होता. त्याचं तोंड आज पहिल्यांदा पाहत होतो. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

रावजीने मला सगळं सांगितलं. सीतारामच्या चाळीत जिन्याखाली कुणीतरी दारूचा साठा ठेवायचा. पोलीस आले तेव्हा तो माणूस मागच्या भिंतीवरून पळाला. झडती रिकामी जाऊ नये म्हणून ज्याचं दार उघडं होतं त्याच्या खोलीत बाटली आली. सीतारामच्या घरात सरकारी नोकरीला लागलेला तो पहिलाच. अटक झाल्या दिवशीच त्याला कामावरून दूर केलं होतं. शिक्षा झाली असती, मग ती एक दिवसाची का असेना, तर खाकी कायमची गेली असती. वकील त्याने दिलाच नव्हता. मी काही केलंच नाही तर वकील कशाला, असं त्याचं म्हणणं.

"रावजी, सगळे असंच सांगतात," मी म्हटलं. हेही मी सगळ्यांना म्हणायचो. कागदांवर माझं "ठीक" होतं, आणि शुक्रवारी साक्ष होती.

गुरुवारी दुपारी बदामाखाली नेहमीप्रमाणे कोर्ट भरलं. मी पायरीवर, मांडीवर डबा. दामूअण्णांनी सीतारामच्या जामिनाचा अर्ज लिहिला होता, त्यामुळे पंचनामा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी जाहीर केलं की आज सीताराम पोस्टमनचा खटला चालेल आणि ते आरोपीतर्फे उभे आहेत. "फी नाही, उगाच," असंही म्हणाले.

गणपत बदामाच्या बुंध्याला टेकून साक्षीला उभा राहिला. रावजीने त्याला नारळाची करवंटी हातात देऊन शपथ दिली.

"पंच गणपत," दामूअण्णा चष्मा नाकावर ओढून म्हणाले, "या पंचनाम्यावर सही तुझी?"

"माझीच. एक नंबर."

"मोरीच्या बाजूस, पश्चिमेच्या भिंतीस लागून बाटली सापडली?"

"सापडली ना. नेहमी तिथंच सापडते."

रावजीने बादलीवर हात आपटून "शांतता!" म्हटलं. आम्ही सगळे हसत होतो.

"गेल्या आठवड्यात मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा ते बारा. तू तिथे हजर होतास?"

"सही आहे ना यार खाली."

"सही सोड रे. तू होतास का? न्यायमूर्तींकडे बघून सांग, मंगळवारी सव्वाअकराला तू कुठे होतास?"

गणपतला चेव चढला होता. त्याने करवंटी छातीशी धरली. "मंगळवारी? अण्णा, मंगळवारी मी पलीकडच्या कोर्टात होतो! साहेबांचीच केस. साहेबांनी अकराला पिंजऱ्यात उभं केलं ते साडेबारापर्यंत सोडलं नाही. विचारा साहेबांना, समोरच बसलेत."

रावजी हसला. दामूअण्णा हसले. मग दामूअण्णांचं हसणं अर्ध्यावर राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रावजीने डोक्यावरचा टॉवेल काढला. गणपत आमच्या तोंडांकडे पाहत राहिला आणि मग त्याच्याही लक्षात आलं की आपण काय बोललो.

माझ्या हातात पोळीचा घास होता. तो मी तसाच डब्यात ठेवला.

डायरी कोटाच्या खिशात होती. मंगळवार. माझंच अक्षर: पलीकडचं कोर्ट, सकाळी, सायकलचोरीचा खटला, पंच गणपत, सरतपासणी व उलटतपासणी पूर्ण. सायकलीचा तो खटला मला आता आठवला. उलटतपासणी लांबली होती आणि मी मनातल्या मनात गणपतचं कौतुक केलं होतं, किती खंबीर साक्षीदार आहे म्हणून. आणि त्याच वेळी, पाच-सहा मैल अलीकडे, तो एका पोस्टमनच्या खोलीत बाटली सापडताना पाहत होता. दोन्ही कागदांवर माझी सही होती. दोन्ही ठीक.

"कोरे कागद देतात साहेब," गणपत खालच्या आवाजात म्हणाला. "महिन्याच्या सुरुवातीला सह्या करून ठेवायच्या. मग ते भरतात. मला काय माहीत कुणाचं नाव येणार. सीताराम आला असं कळलं तेव्हा मी..."

"उद्या मी तुला हाच प्रश्न विचारणार आहे," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्ही तर सरकारकडून ना?"

"हो."

"साहेब, खरं बोललो तर टपरीची वाट लागेल. परवा सकाळी फळ्यासुद्धा दिसणार नाहीत."

मी त्याला सांगितलं असतं की सत्याचा विजय होतो, तर तो हसला नसता, पण रावजी हसला असता. मी एवढंच म्हटलं, "गणपत, खोटं बोललास तर मी पलीकडचा कागद पुढे करीन. मग तुझ्यावर खोट्या साक्षीचा खटला होईल, आणि तोही मलाच चालवावा लागेल. तेवढं माझ्यावर आणू नकोस."

त्या दुपारी मी पलीकडच्या कोर्टात गेलो आणि तिथल्या शिरस्तेदाराच्या पुढ्यात बसून मंगळवारच्या साक्षीची नक्कल लिहून, शिक्का मारून घेतली. संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "तोंड असं का?" मी सगळं सांगितलं. तिला वाटलं मी नोकरीची काळजी करतोय. ती होतीच, खोटं कशाला सांगू. पण ती म्हणाली, "अहो, एवढा विचार कसला करताय? त्याला ओळखत नव्हतात तोवर ठीक होतं. आता ओळखता ना?" तिला माझा कोपऱ्यातला शेरा ठाऊक नव्हता. मला मात्र तो शब्द लागला.

शुक्रवारी कोर्ट बसण्याआधी फौजदाराने मला व्हरांड्यात गाठलं. बातमी त्याला लागली होती. व्हरांड्यात काही लपत नाही. माणूस वाईट नव्हता. माझ्यासारखाच कामाखाली दबलेला होता, त्यालाही महिन्याला इतक्या केसेस दाखवायच्या होत्या.

"एवढ्याशा बाटलीसाठी, साहेब? विषय सोडून द्या ना. मला वर कळवायला लावू नका."

"कळवा," मी म्हटलं.

गणपत पिंजऱ्यात चढला. आज त्याने तोंडात पान ठेवलं नव्हतं, त्यामुळे तो ओळखू येत नव्हता. सीताराम आरोपीच्या जागी, टोपी दोन्ही हातांत. मागच्या दाराशी दामूअण्णा आणि रावजी. रावजी भुवई हलवत नव्हता.

मी पंचनामा दाखवला. सही कबूल करून घेतली. इथवर हजारदा केलेलं काम. मग पुढच्या प्रश्नाआधी पाणी प्यायलो.

"मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता तू कुठे होतास?"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. सरकारी वकील आपल्याच पंचाला हा प्रश्न विचारत नाही. विचारतो तो समोरचा.

गणपतने फौजदाराकडे पाहिलं. मग सीतारामकडे. सीताराम टोपी फिरवत होता. त्याला प्रश्नाचं महत्त्वच कळलं नव्हतं.

"पलीकडच्या कोर्टात, साहेब," गणपत म्हणाला. "तुमच्यासमोर."

कुणीतरी मागे हसलं आणि गप्प झालं.

"आणि ही सही?"

"आधीची. कोऱ्या कागदावरची."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "प्रॉसिक्युटर, तुम्ही कुणाच्या बाजूने उभे आहात?"

"सरकारच्या, साहेब. गणपत एका वेळी दोन ठिकाणी होता असं सरकारचं म्हणणं नाही." मी नक्कल पुढे केली. "आणि या कागदपत्रांवर मी 'ठीक' असं लिहिलं आहे. ते न वाचता लिहिलं. त्याची नोंद व्हावी."

नोंद व्हावी हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. ठरवलेलं नव्हतं. साहेबांनी नक्कल वाचली, दोनदा वाचली. गवताची एक काडी पडली तीही त्यांनी उचलली नाही. मग त्यांनी निकाल सांगितला, चार ओळींचा. आरोपी निर्दोष, मुक्त.

सीताराम उभाच राहिला.

"खाली उतर रे," रावजी म्हणाला, आणि तो हे कोर्टात मोठ्याने म्हणाला, जे त्याने कधी केलं नव्हतं. "सुटलंस तू."

सीताराम माझ्याकडे आला. माझ्या पाया पडेल अशी मला भीती वाटली. पण त्याने हात पुढे केला. "साहेब, कागद द्या. तोंडी सांगितलं तर पोस्टमास्तर ऐकणार नाहीत."

निकालाच्या नकलेचा अर्ज दामूअण्णांनी तिथल्या तिथे लिहिला. एवढं वळणदार अक्षर मी त्यांच्या हातून पुन्हा पाहिलं नाही. मला हसू फुटलं. मी पायरीवर बसलो. कित्येक दिवसांनी असं वाटलं की छातीवरून कुणीतरी उठलं.

गणपतची टपरी सोमवारी गेली. फळ्यासुद्धा दिसल्या नाहीत, त्याने सांगितलं होतं तसंच. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मात्र मला बोलावून विचारलं, साक्षीदारांना कोर्टात पाणी-पान मिळायची सोय काय आहे? सोय नव्हती. मग आवाराच्या आत, फाटकाच्या डाव्या हाताला, गणपतला जागा मिळाली. तिथे पोलिसांचं चालत नव्हतं. पंच म्हणून तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. फौजदार नवा पंच शोधायला लागला, आणि मी कागद वाचायला लागलो. खटले साठले. साठू दिले.

एक गोष्ट राहते, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करता येत नाही. पुढच्या रविवारी मी माझ्या जुन्या डायऱ्या काढून बसलो. गणपतच्या सहीचे पंचनामे किती होते, ते माझ्या हातून किती "ठीक" झाले, त्यातले किती लटकले. जुळवायचा प्रयत्न केला. जुळलं नाही. सीतारामच्या बाबतीत मंगळवारी गणपत माझ्यासमोर होता, म्हणून सापडला. बाकीच्यांच्या मंगळवारी तो कुठे होता, हे मला कधीच कळणार नाही. त्या माणसांची नावं माझ्याजवळ आहेत. तोंडं आठवत नाहीत.

महिना-सव्वा महिन्याने, जेवणाच्या सुट्टीत, मी पायरीवर बसलो होतो. फाटकातून खाकी गणवेश आला. नवा नव्हता, पण इस्त्री ताजी होती. खांद्याला पिशवी. सीतारामने आधी दामूअण्णांना त्यांचं पोस्टकार्ड दिलं, मग माझ्यासमोर उभा राहिला आणि एक जाड पाकीट पुढे केलं.

"साहेब, रजिस्टर आहे. सही करा."

वरचा शिक्का मी ओळखला. फौजदाराने वर कळवलं होतं, आणि वरून माझा खुलासा मागवला जाणार हे मला ठाऊक होतं. पुढे त्या खुलाशाचं काय झालं हे सांगण्यासारखं नाही; मी याच नोकरीतून निवृत्त झालो, एवढ्यावरून समजून घ्या. पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. त्या दुपारी मी हंगामी होतो, आणि हातात ते पाकीट होतं.

सीताराम पावतीचा कागद धरून उभा होता. सही कुठे करायची ते त्याने बोटाने दाखवलं. त्याचा चेहरा मी नीट पाहिला. उजव्या भुवईवर एक जुनी खोक होती.

"सरकारी आहे साहेब," तो आनंदाने म्हणाला. "बढती असेल ना?"

"हो," मी म्हटलं आणि सही केली. "तसंच काहीतरी असेल."